आर्थर गेला तिथंच ‘रेड डेड २’ संपायला पाहिजे होता का? (स्पॉयलर भरपूर. खेळला नसाल तर इथूनच मागं फिरा)

पेठकरी:

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम २०१८ चा, विषय जुना, पण आमच्या ग्रुपवर यावरून सरळ दोन तट पडलेत. कोल्हापुरात तट पडायला एरवी फुटबॉल पुरतो, आता त्यात हे. म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग मारा काय दगड मारायचे ते. गेमचा नायक आर्थर मॉर्गन डोंगरावर मरतो तिथं गोष्ट संपते. नंतरचा जो लांबलचक एपिलॉग (उत्तरकथा) आहे, त्यातलं घर बांधणं मला पटतं, टोळीतला गद्दार मायका बेल याला मारणं अजिबात पटत नाही.

ज्यांनी खेळून बरीच वर्षं झालीत त्यांच्यासाठी थोडी उजळणी. साल १८९९. डच नावाच्या म्होरक्याची दरोडेखोर टोळी पळापळीत आहे, आर्थर त्याच टोळीतला. टोळीतला स्ट्रॉस गरिबांना व्याजानं पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. म्हणजे आपला हिरो सावकाराचा वसुलीवाला. डाउन्स नावाचा एक शेतकरी असतो, आधीच आजारी. आर्थर त्याला कुंपणाशी धरून बदडतो, कॉलर पकडून तोंड जवळ ओढतो, आणि तो माणूस खोकतो तो थेट याच्या तोंडावर. आर्थर तोंड पुसतो. बस्स. कॅमेरा थांबत नाही, गंभीर म्युझिक नाही. आपण बटणं दाबून मोकळे होतो आणि पुढं हरणाची शिकार करायला निघतो.

पुढं बऱ्याच वेळानं गेममधल्या सेंट डेनिस शहराच्या रस्त्यात हा कोसळतो, डॉक्टर छाती तपासतो आणि क्षय म्हणून सांगतो. तेव्हा मागचं सगळं आठवतं. याचं मरण कुणी शत्रूनं दिलेलं नाही, वसुलीच्या कामावर जाऊन त्यानं ते स्वतः घेतलंय. आणि ती बटणं आपण दाबलीत. डाउन्सला बदडायचं काम टाळता येत नाही, ते करावंच लागतं.

शेवटच्या चॅप्टरमध्ये मग आर्थर हिशेब मिटवत सुटतो. काही कर्जदारांना सोडून देतो, स्ट्रॉसला सामानासकट कॅम्पमधून हाकलतो, डाउन्सच्या बायकोला आणि पोराला पैसे देऊन मार्गाला लावतो. ती बाई त्याला माफ करत नाही आणि तोही माफी मागत बसत नाही. यातली बरीचशी कामं आपण करावीच असं नाही. न करता पुढं गेलात तरी गोष्ट थांबत नाही. म्हणूनच केली की ती आपली वाटतात.

आणि मग तो डोंगर. टोळीतला साथीदार जॉन मार्स्टन याला टोपी आणि झोळी देऊन पुढं पाठवायचं. ऑनर (आपल्या बऱ्यावाईट वागण्याचा गेम ठेवतो तो हिशेब) चांगला असेल तर आर्थर फरफटत कड्याशी जातो, पूर्वेकडं तोंड करून पडतो, सूर्य वर येतो. ऑनर खराब असेल तर मायका येऊन डोक्यात गोळी घालतो. जॉनला सोडून पैशासाठी मागं वळलात तर शेवट अजून वेगळा. पण कुठल्याही वाटेनं गेलात तरी तो मरतो, आणि ते पटतं. याहून पूर्ण शेवट मी तरी गेममध्ये बघितलेला नाही.

त्यानंतर पडद्यावर येतं ‘एपिलॉग’, आणि १९०७ मध्ये आपण जॉन मार्स्टन होऊन बैलगाडीसारखी गाडी हाकत असतो. आता बोला.


गंगावेस_कट्टा:

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.


म्हशीवाला:

एपिलॉगमध्ये जॉनला काय करायला लावतात? शेण काढ, धारा काढ, कुंपणाचे खांब ठोक. भावा, माझ्या घरी पहाटे हेच असतंय. एवढे पैसे घालून ग्राफिक कार्ड घेतलं ते काय रात्री परत गोठ्यात जायला? धार काढायची पद्धत पण चुकीची दाखवली आहे, असला हात लावला तर आमची म्हैस बादलीसकट उडवंल.

बाकी आर्थर गेल्यावर मी पण गप झालो होतो. घोडं मेलं तिथं जास्त. त्याच्या मानेवर हात ठेवून आभार मानतो तो, तेव्हा बायकोनं विचारलं काय झालं, म्हटलं डोळ्यात काय तरी गेलं.


तालीम_बंद:

पेठकरी, तुझं लॉजिक मला कळत नाही. खासबागेच्या मैदानात कुस्ती बरोबरीत सोडवली तर पब्लिक काय करतं माहिती आहे ना? निकाली पाहिजे. मायका बेलनं टोळी फोडली, मागावरच्या पिंकर्टन डिटेक्टिव्हना खबर दिली, आर्थरला शेवटच्या घटकेला कुत्र्यासारखं मारलं. आणि तू म्हणतोस त्याला तसाच मोकळा सोडून क्रेडिट्स लावायला पाहिजे होते? मी तर एपिलॉग केवळ त्याला घालवायला पूर्ण केला. बर्फातून डोंगर चढताना अंगावर काटा. नाद खुळा मिशन.


पेठकरी:

@तालीम_बंद, निकाली झालीच कुठं? जरा आठव. वर केबिनपाशी तिघं एकमेकांवर बंदुका रोखून उभे, आणि पहिली गोळी घालतो डच. जॉन त्यानंतर मायकावर गोळ्या झाडतो. म्हणजे जोड ठरली तुझी-त्याची आणि मधनंच पंचानं येऊन त्याला लोळवला. त्यावर डच चकार शब्द नीट बोलत नाही, पाठ फिरवून निघून जातो. तुझं समाधान झालं असेल, माझं डोकं अजून त्या डचपाशी अडकलंय. तो का आला होता तिथं? मायकाला मारायलाच आला होता का, आयत्या वेळी मन फिरलं का, काही सांगत नाहीत.


रंकाळा_वारा:

पहिल्यांदाच लिहितेय, वाचते नेहमी. पेठकरी दादा, मुख्य लेखाशी अर्धी सहमत.

मी टीबी विभागात काम करते. भावानं गेम लावला होता तेव्हा मागं बसून बघायचे, नंतर स्वतः खेळले. आजाराचं चित्रण इतकं नीट मी कुठं पाहिलं नाही. शेवटच्या भागात आर्थरला कितीही खायला घाला, वजन भरत नाही. डोळे लाल, गालफडं बसलेली, चार पावलं पळाला की खोकला. खेळताना कटकट वाटते, पण पेशंटची कटकट तशीच असते. बेडका तपासायला आलेला माणूस आम्हाला पहिल्यांदा हेच सांगतो, खातोय पण अंगाला लागत नाही.

डॉक्टर त्याला काय सांगतो? कोरड्या, उबदार हवेत जा, विश्रांती घे. त्या काळी दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. जंतू सापडला होता १८८२ ला, कॉखनं शोधला, पण त्याला मारणारं पहिलं औषध स्ट्रेप्टोमायसिन, ते १९४३ चं. मधली साठ वर्षं लोकांना आजाराचं कारण ठाऊक होतं आणि उपाय नव्हता. आमच्याकडं जुनी माणसं अजून वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमच्या गोष्टी सांगतात. माणसाला मिरजेला पोचवलं की घरचे अर्धे निरोपाच्या तयारीला लागायचे. आज सहा महिने नेमानं गोळ्या घेतल्या तर माणूस बरा होऊन कामावर जातो.

म्हणून मला वाटतं, शेवट पटतो त्याचं कारण डोंगर नाही. त्याला आधी कळलंय, हे कारण आहे. रेल्वे स्टेशनवर त्या नन बाईंशी बोलताना तो सरळ म्हणतो की भीती वाटतेय. एवढा मोठा दांडगा माणूस. गेमच्या हिरोला भीती वाटते असं कबूल करायला वेळ कुठं मिळतो? एका गोळीत गेला असता तर तुम्ही म्हणता ते हिशेब मिटवणं झालंच नसतं.


म्हशीवाला:

ताई, प्रतिसाद एक नंबर. वानलेसवाडीचं आमच्या आजीकडनं ऐकलंय.


गंगावेस_कट्टा:

आलो. पेठकरीचा मुद्दा बारकाईनं वाचला आणि मला त्यात मोठं भोक दिसतंय.

मायकाला मारणं तुला पटत नाही, समाधान देत नाही. बरोबर. पण ते समाधान द्यायला ठेवलंच नाही! क्रेडिट्स बघितलेस का शेवटपर्यंत? मधेमधे एडगर रॉस दिसतो, टोळीच्या मागावरचा एजंट. डोंगरावर मायकाचं प्रेत सापडतं, तिथनं माग काढत, लोकांना विचारत विचारत तो आणि त्याचा साथीदार शेवटी टेकडीवरनं बीचर्स होपकडं बघत उभे राहतात. जॉनचं घर. म्हणजे जॉन सूड घ्यायला गेला नसता तर कदाचित रॉस त्या दारापर्यंत आलाच नसता. जॉन निघतो तेव्हा त्याची बायको अ‍ॅबिगेल गयावया करत असते, नको जाऊस, सगळं आहे आता आपल्याकडं. आर्थरनंही तेच सांगितलेलं, मागं वळून बघू नको.

ज्या माणसानं मरताना तुझं कुटुंब वाचवलं, त्याच्याच नावानं सूड उगवायला जाऊन तू तेच कुटुंब घालवलंस. आणि हे सगळं लहान अक्षरात नावं सरकताना दाखवलंय, निम्म्या लोकांनी स्किप केलं असेल.

माझ्या मते म्हणून शेवट डोंगरावर नाहीच, क्रेडिट्समध्ये आहे.


पेठकरी:

क्रेडिट्स बघितलेत रे. रॉसचा मुद्दा वजनदार आहे, पण माझी तक्रार त्यानं सुटत नाही, उलट वाढते.

आर्थरच्या बाबतीत गेमनं मला निवड दिली. वसुली माफ करू की नको, जॉनला वाचवू की पैशामागं जाऊ. जे झालं त्यात माझा हात होता. मायकाच्या वेळी मला विचारलं का? अ‍ॅबिगेल रडतेय, मला तिथं थांबायचंय, मला ते कुंपण नीट करायचंय, पण मिशन सुरू केल्याशिवाय गोष्ट पुढं जात नाही. चूक जॉनची, आणि तू म्हणतोस शिक्षा मी मनाला लावून घ्यायची. ‘जाऊ नको’ असं एक बटण दिलं असतं आणि मग मी गेलो असतो, तर क्रेडिट्समधला रॉस माझ्या छातीवर बसला असता.


गंगावेस_कट्टा:

बटण कसं देणार? पहिला भाग २०१० साली येऊन गेलाय. त्यात १९११ मध्ये रॉस जॉनच्या बायकापोरांना धरून त्याला कामाला जुंपतो, आणि शेवटी त्याच्याच कोठारासमोर त्याला गोळ्या घालतात. हे आधीच लिहून झालेलं आहे. जॉनला घरी बसवलं तर पहिला भागच पुसला जाईल.


पेठकरी:

मग तो शेवट आर्थरच्या गोष्टीचा नाही ना. तो आठ वर्षं जुन्या दुसऱ्या गेमला जोडायचा पूल आहे. हेच तर म्हणतोय मी.


जुना_कॅफेवाला:

तुम्ही शेवटाच्या गप्पा मारताय. आमची पिढी राजारामपुरीच्या कॅफेत तासाच्या भाड्यानं ‘जीटीए: सॅन अँड्रियास’ खेळली, तिला कुठल्याच गेमचा शेवट माहीत नाही. आज सेव्ह केलं की उद्या त्या पीसीवर दुसराच कोणतरी बसून गेलेला असायचा, फाइल गायब. ट्रेनमागं बाइक पळवायची त्या मिशनपाशी निम्मं कोल्हापूर अडकलं. मग काय, चीट मारा, रणगाडा काढा, पोलिसांचे सहा स्टार करा, वेळ संपली, चला घरी.

पुढं कामाला लागल्यावर स्वतःच्या मशीनवर तो पूर्ण केला. टेनपेनी हा भ्रष्ट पोलीस अग्निशमनची गाडी घेऊन पळतो आणि पुलावरनं सीजेच्याच, म्हणजे आपल्या हिरोच्याच, गल्लीत येऊन कोसळतो. मोठं भाषण नाही, रडारड नाही. घरात सगळे जमलेत आणि सीजे दाराकडं निघतो. कुठं चाललास विचारलं तर म्हणतो जरा गल्लीत चक्कर टाकून बघतो काय चाललंय. संपलं! लगेच परत त्याच गल्लीत उभे आपण, फिरा हवं तेवढं.

मला विचाराल तर हा शेवट ‘रेड डेड’पेक्षा सरस. माणूस घरी पोचला, अजून काय पाहिजे.


तालीम_बंद:

@जुना_कॅफेवाला, ट्रेनवाल्या मिशनची आठवण काढू नका. बाइक त्या मालडब्यापासून जरा लांब ठेवायची असते हे मला लग्न झाल्यावर कळलं.


शाहूपुरी_५वी_गल्ली:

शेवटावरून भांडण म्हटल्यावर ‘मास इफेक्ट ३’ कसा काय आला नाही अजून?

२०१२ च्या मार्चमध्ये आला. तीन गेम मिळून आपण घेतलेले निर्णय, कोण जगलं कोण मेलं, सगळं सेव्ह फाइलमधून पुढं येत होतं. आणि शेवटी लाल, निळा, हिरवा असे तीन पर्याय, तिन्हींचे व्हिडिओ जवळपास तेच, फक्त रंग वेगळा. लोक एवढे खवळले की वर्गणी काढून कंपनीला तीन रंगांचे कपकेक पाठवले, वरनं रंग वेगळे, चव तिन्हींची एकच. असली तक्रार कोल्हापूरकरांना पण सुचली नसती.

मग जूनमध्ये फुकट एक्स्टेंडेड कट दिला. सोबत्यांचं पुढं काय झालं, जग कसं सावरलं, ते दाखवलं, आणि तिन्ही पर्याय नाकारायचा चौथा रस्ताही ठेवला. मी दोन्ही खेळलोय. दुसऱ्यात प्रश्न कमी उरतात हे खरं. पण मूळ दुखणं माहितीच्या अभावाचं नव्हतंच. दुखणं हे होतं की इतकी वर्षं आमचं ऐकून घेतलं आणि शेवटच्या दहा मिनिटांत ऐकेनासे झाले. पेठकरी तेच म्हणतोय बहुतेक, बटण नाही दिलं म्हणून.


पेठकरी:

+१. हेच.


उपनगरी:

मी उलट्या बाजूनं आलोय, म्हणून माझा अनुभव सांगतो. कन्सोल घरात कधी नव्हता. पीसीवर दुसरा भाग आला नोव्हेंबर २०१९ ला, आणि पहिला भाग पीसीवर यायला २९ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. म्हणजे माझ्यासारख्या पीसीवाल्यांना गोष्ट वर्षाच्या क्रमानं मिळाली, १८९९, १९०७ आणि मग १९११. बनवणाऱ्यांनी हा क्रम धरलेला नव्हता.

कन्सोलवाले दुसरा भाग खेळताना जॉन मरणार हे जाणूनच बसलेले. त्यांना घर बांधतानाच पोटात कालवलं असेल. मला काही माहीत नव्हतं. ते घर मी अगदी खुशीत बांधलं. घराचे सुटे भाग गाडीतनं येतात, टोळीतला जुना साथीदार चार्ल्स फळ्या उचलतोय, दुसरा, म्हातारा अंकल, कंबर धरून ‘लंबॅगो’ (कंबरदुखी) म्हणत बसलाय, गाणं चाललंय आणि आपण बटण दाबून खिळे ठोकतोय. मायकानंतर लग्न झालं, क्रेडिट्स आले, रॉस टेकडीवर दिसला तरी मला वाटलं चला, तिसऱ्या भागाची तयारी असेल.

मग पहिला भाग सुरू केला. त्यातला जॉन आर्थरचं नावसुद्धा घेत नाही. कारण उघड आहे, २०१० मध्ये आर्थर कुणाच्या डोक्यातच नव्हता. पण माझ्या क्रमानं खेळणाऱ्याला ते फार लागतं. ज्यानं जीव दिला त्याची टोपी घालून फिरलास, त्याच्या डायरीत पुढची पानं लिहिलीस, आणि चार वर्षांत विसरलास?


रंकाळा_वारा:

उपनगरी, डायरीचा मुद्दा कुणी काढेल याची वाट बघत होते! आर्थरची चित्रं किती सुबक, आणि त्याच वहीत पुढं जॉनची रेखाटनं, पोरानं काढल्यासारखी. जॉन स्वतःच लिहितो की आपल्याला हे जमत नाही. मला एपिलॉगमधली सगळ्यात आवडती गोष्ट ती वही. मायका राहू दे बाजूला.

आणि जॉन विसरला असं मला नाही वाटत. आमच्याकडं घरात गेलेल्या माणसाचं नाव न घेणारे पुष्कळ पुरुष आहेत. भिंतीवर फोटोही लावत नाहीत.


उपनगरी:

असं बघितलं नव्हतं. पण ताई, ते तुम्ही भरताय. गेमनं दिलेलं नाही.


रंकाळा_वारा:

हो, मग? शेवटात थोडं आपण भरायचंच असतं की.


जुना_कॅफेवाला:

अवांतर: आपल्याच पुण्यात बनलेला ‘राजी’ कुणी खेळलंय का? २०२० चा. भिंतींवरची चित्रं, राजस्थानी महाल, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, बघायला डोळे निवतात. पण शेवट असा तुटलाय की मला वाटलं गेम क्रॅश झाला. बाहेरच्या समीक्षकांनीही त्यावरच बोट ठेवलं. छोट्या टीमचं समजू शकतो, पैसा संपतो, वेळ संपतो. तरी त्या राजीच्या, म्हणजे नायिकेच्या, भावासाठी जीव तुटला माझा.


तालीम_बंद:

खेळलोय. सेम. मीपण रिस्टार्ट केला होता.

मूळ विषयावर: पेठकरीचं एक मान्य, पंच मधे आला. पण मायका मेला पाहिजे होता हे माझं कायम. डचनं का मारलं ते मला सांगायची गरज वाटत नाही. आर्थर मरायच्या आधी डचला म्हणाला होता ना, मी तुला सगळं दिलं. डच तेव्हा काही न बोलता निघून गेला. त्याचं उत्तर त्यानं आठ वर्षांनी एका गोळीत दिलं. बोलला असता तर मला तो खोटा वाटला असता, आयुष्यभर भाषणंच दिली त्यानं.


पेठकरी:

हे मात्र भारी सांगितलंस. डचला गप्प बसवणं हीच मोठी गोष्ट आहे म्हणतोस. आज रात्री तो सीन परत लावतो. बटणाची तक्रार मात्र मागं घेत नाही.


गंगावेस_कट्टा:

घेऊ नकोस, अजून पन्नास प्रतिसाद व्हायचे आहेत.


कळंब्याचा_नवखा:

सगळा धागा वाचला, स्पॉयलर खाऊनसुद्धा खेळायचं ठरवलंय. सेलमध्ये दोन्ही भाग मिळतायत. आधी कुठला घेऊ?


उपनगरी:

दुसरा आधी. माझ्यासारखं घर खुशीत बांध. आता तुला सगळं माहीत झालंय म्हणा, पण तरी.


गंगावेस_कट्टा:

अजिबात नको. ज्या क्रमानं बनवले त्या क्रमानं. पहिला आधी.


पेठकरी:

दुसरा. आणि शेवटच्या चॅप्टरला आलास की मुख्य मिशनच्या मागं पळू नको, नकाशावर स्ट्रॉसची आणि डाउन्सच्या बायकोची कामं दिसतील ती आधी कर. पुढं गेलास की ती हातची जातात.


म्हशीवाला:

या दोघांचं ऐकत बसू नको. दुसरा भाग १५० जीबी आहे, आमच्या भागातल्या नेटवर तो उतरायला सुरुवात कर. पहिला १२ जीबीचा. दुसरा उतरेपर्यंत पहिला खेळून संपतोय. आणि त्या पहिल्यातपण गुरं हाकायला लावतात, आधीच सांगून ठेवतो.